नाताळचे हप्ते जूनपर्यंत: एका कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, हिशेबाचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. त्यामुळे ज्यांना घरचा हिशेब जुळवता येत नाही असे लोक कधीकधी उपासना संपल्यावर घुटमळत माझ्यापाशी येतात. हे प्रकरण तशाच एका कुटुंबाचं. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावांऐवजी घरातली मुलं ज्या नात्याने हाक मारतात तीच नाती वापरली आहेत: आई, बाबा, आजी, आत्या, काका, काकू. रकमाही दिलेल्या नाहीत. ज्या नाताळमुळे ते माझ्याकडे आले त्याचा एकूण खर्च १०० धरला आहे; बाकीचे आकडे त्या १०० च्या मापात वाचावेत.

पार्श्वभूमी

घरात पाच माणसं. बाबा पगारदार, आई घरी शिकवण्या घेते, बाबांची आई म्हणजे आजी, चौदा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. बाबांची थोरली बहीण म्हणजे आत्या, धाकटा भाऊ म्हणजे काका. तिन्ही घरं नाताळला एकत्र येतात. घर श्रद्धाळू आहे. आई गायकवृंदात गाते आणि आजी पहाटे शास्त्रवाचन केल्याशिवाय चहा घेत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘श्रद्धा कमी पडली म्हणून खर्च वाढला’ असा निष्कर्ष काढायची घाई आपल्याला फार असते. इथे तसं नव्हतं.

त्या नाताळचा खर्च घराच्या दीड महिन्याच्या मिळकतीइतका झाला होता. निम्मा पैसा साठवलेला, निम्मा क्रेडिट कार्डावर. कार्डाची बाकी त्यांनी सहा हप्त्यांत पाडून घेतली, हे शहाणपणाचं केलं. किमान रक्कम भरत राहिले असते तर उरलेल्या बाकीवर व्याज चढतच गेलं असतं. तरी जानेवारी ते जून दर महिन्याला मिळकतीच्या आठव्या हिश्शाहून थोडी जास्त रक्कम हप्त्यात गेली. जूनमध्ये हप्ता संपला. जुलै-ऑगस्टमध्ये ती सुटलेली रक्कम कुठे गेली ते दोघांनाही सांगता येईना. ऑगस्टच्या शेवटी मुलांची फी पुन्हा कार्डावर टाकायची वेळ आली, तेव्हा ते माझ्याकडे आले.

मी त्यांना आठवून आठवून खर्च लिहायला लावला. शंभरातले ४१ भेटवस्तूंवर, १९ कपड्यांवर, १७ जेवणावळी आणि पाहुण्यांवर, ११ सजावटीवर, ५ प्रवासावर, ३ अर्पण आणि दानावर. उरलेल्या ४ समोर बाबांनी ‘माहीत नाही’ असं प्रामाणिकपणे लिहिलं. कागद आजीने वाचला. अर्पणाच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि काही न बोलता परत दिला.

अडचण नेमकी काय होती

पहिल्या भेटीत अडचण सोपी वाटली: खर्च जास्त, मिळकत कमी. मी लगेच कपातीची यादी करायला बसलो. ही माझी चूक, आणि तिच्यात दोन भेटी गेल्या. बाबा प्रत्येक ओळीवर ‘हे कमी करू’ म्हणायचे आणि दुसऱ्या वाक्यात ‘पण ताईला काय वाटेल’ म्हणायचे.

तिसऱ्या भेटीत मी यादी बाजूला ठेवली. आदल्या नाताळला त्यांनी एकूण २३ भेटी दिल्या होत्या. प्रत्येक भेटीपुढे एकच शब्द लिहा म्हटलं: आनंद, परतफेड किंवा लाज. आनंद म्हणजे देताना मनापासून बरं वाटलं. परतफेड म्हणजे त्यांनी दिलं म्हणून आपण दिलं. लाज म्हणजे दिलं नसतं तर तोंड दाखवता आलं नसतं. आई आणि बाबांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहिलं, मग मिळवून पाहिलं. आनंद ९, परतफेड ११, लाज ३. त्या तीनच भेटी सगळ्यांत महाग होत्या आणि तिन्ही काकांच्या घरी गेलेल्या होत्या.

काकांची मिळकत बाबांपेक्षा बरीच जास्त. लहान भाऊ पुढे गेला याचं बाबांना वाईट वाटत नव्हतं. पण त्याच्या घरून आलेल्या भेटीपेक्षा आपली भेट हलकी दिसू नये, ही धडपड दरवर्षी वाढत होती. आई म्हणाली, “२४ तारखेच्या रात्री आम्ही गात होतो आणि माझ्या डोक्यात काकूला दिलेल्या वस्तूच्या वेष्टनावर किंमत राहिली की काय, एवढंच होतं.” मुलीचं तर त्याहून पुढे गेलं होतं. आई-बाबांचं बोलणं तिच्या कानावर पडलेलं. स्वतःची भेट उघडल्यावर तिने हळूच विचारलं होतं, “हे परत करता येतं का?” तेव्हा सगळे हसले होते. ऑगस्टमध्ये ते आठवून कोणी हसलं नाही.

१९९३ साली जोएल वॉल्डफोगेल या अर्थतज्ञाने विद्यार्थ्यांना विचारून एक हिशेब मांडला होता. भावनिक मोल बाजूला ठेवलं, तर घेणाऱ्याला भेटीची जी किंमत वाटते ती देणाऱ्याने मोजलेल्या पैशापेक्षा दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी भरते. बाबांना हे पटलं आणि ते पुन्हापुन्हा सांगू लागले. मला मात्र तो हिशेब या घरात कुचकामी वाटला. महाग भेट फुकट जाते हे त्यांना आधीच माहीत होतं. ती भेट काकूंच्या उपयोगासाठी नव्हतीच. बाबांच्या मानासाठी होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, सगळं तसंच ठेवायचं पण आधीपासून साठवायचं. सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत दीड महिन्याची मिळकत बाजूला काढायची, म्हणजे दरमहा मिळकतीच्या एक तृतीयांशाहून जास्त. कागदावरच मेला.

दुसरा, काहीच विकत घ्यायचं नाही. हा बाबांचा आवडता. कॅनडातल्या काही मेनोनाइट ख्रिस्ती लोकांनी २००१ मध्ये खरेदीविना नाताळची मोहीम सुरू केली होती. बाबांनी तिच्याबद्दल कुठेतरी वाचलं होतं. आजी ऐकेना. “नाताळ म्हणजे सण आहे. देवाने स्वतःचा पुत्र दिला त्या दिवशी तू पोराच्या हातात काहीच ठेवणार नाहीस?” सण नुसता बंद करून भक्ती वाढत नाही, याचा एक जुना दाखलाही आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटन, म्हणजे कडक धर्मशिस्तीच्या ख्रिस्ती, लोकांनी १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला होता. १६८१ मध्ये त्यांना तो कायदा मागे घ्यावा लागला.

तिसरा पर्याय आईच्या मैत्रिणीने सुचवला. भेटीऐवजी त्या माणसाच्या नावाने दान करायचं आणि त्याला तसं कार्ड द्यायचं. आईने तो लगेच नाकारला. “माझ्या वाटच्या खर्चातून दान करीन. काकूंच्या वाटच्या भेटीतून दान करून त्यांना कार्ड देणं म्हणजे त्यांच्या पैशाने मी पुण्यवान होणं.” मला हे थोडं कडक वाटलं. ज्याने स्वतःहून तसं मागितलं असेल त्याच्यासाठी हा मार्ग चांगलाच आहे. न विचारता केलं तर मात्र आईचं म्हणणं बरोबर.

चौथा, मोठ्यांनी चिठ्ठ्या टाकून एकाने एकालाच द्यायचं, वर रकमेची मर्यादा. अनेक घरांत हे चालतं. इथे अडचण अशी की बाबांच्या नावाला काकूंची चिठ्ठी आली असती, तर सगळी धडपड एकाच भेटीत साठून आली असती.

पाचवा आजीच्या बोलण्यातून निघाला, आणि तो पैशाचा नव्हता, दिवसांचा होता. जुन्या मंडळीच्या रीतीत नाताळच्या आधीचे आठवडे, म्हणजे आगमनकाळ, साधेपणाचे होते. पूर्वेकडच्या अनेक मंडळ्यांत आजही त्याआधी चाळीस दिवसांचा उपास असतो. मेजवानी २५ ला सुरू व्हायची आणि प्रकटीकरणाच्या सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत, बारा दिवस चालायची. आपण उलटं करून बसलो आहोत. नोव्हेंबरपासून धामधूम, आणि २५ ला संध्याकाळी सगळं संपलेलं, माणसं दमलेली. आजी म्हणाली, आगमनकाळ आगमनासारखा पाळा आणि नातेवाइकांना ६ जानेवारीच्या सुमारास भेटा. बाबांनी उत्साहाने पुस्ती जोडली की तोवर सेलही लागलेले असतात. आजीने त्यांच्याकडे असं पाहिलं की तो मुद्दा नंतर कधीच निघाला नाही.

तारीख हलवायला मन धजत नव्हतं, तेव्हा मी एवढंच सांगितलं की २५ डिसेंबर ही तारीख शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, नाही. रोममध्ये ३५४ साली तयार झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात ती आढळते, आणि आर्मेनियन मंडळी आजही ६ जानेवारीलाच जन्माचा सण करते. उपासना २४ आणि २५ लाच; हलवायची होती ती फक्त नातेवाइकांची पंगत.

काय ठरलं, काय केलं

मर्यादा ठरवायला एकच नियम घेतला. १ डिसेंबरला हातात जे असेल तेवढाच नाताळ. बँकेला जात होता तोच हप्ता, मिळकतीचा आठवा हिस्सा, सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये एका डब्यात टाकायचा. तीन आठवे म्हणजे आदल्या वर्षीच्या १०० पैकी २५. आकडा ऐकून आई गप्प झाली. एक चतुर्थांश.

त्या २५ ची वाटणी करताना अर्पण आधी की शेवटी, यावर वाद झाला. बाबांचं म्हणणं व्यवहारी होतं. पैसा कमी आहे, तर उरेल त्यातून देऊ. ऑक्टोबरमध्ये एका सकाळी आई आणि आजी लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचत होत्या. गव्हाणी, मेंढपाळ, देवदूत हे तर सगळ्यांना पाठ. पुढे चाळीस दिवसांनंतरचं वाचन येतं. मरीया आणि योसेफ बाळाला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात जातात आणि होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिल्लं अर्पण करण्याची आज्ञा पाळतात. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात हा नियम पूर्ण दिला आहे. बाळंतिणीने एक वर्षाचं कोकरू आणि एक पक्षी आणायचा; कोकराची ऐपत नसेल तर दोन पक्षी चालतील. लूक कोकराचं नाव काढत नाही. म्हणजे त्या दोघांनी गरिबाची सवलत घेतली, तीही मंदिरात, चारचौघांत.

आईने हे मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज थोडा चढला होता. “मरीया पारवे घेऊन सगळ्यांसमोर गेली. आणि मी काकूला फोन करायला घाबरते.” माझ्या मते या प्रकरणाची दिशा इथे बदलली, कोष्टकाने नाही. अर्पणाचा प्रश्नही तिथेच मिटला. २५ पैकी ५ आधी काढून ठेवायचे आणि बाकी २० मध्ये बसवायचं.

आता खरा निर्णय: नातेवाइकांना काय सांगायचं. बाबांनी पहिला मसुदा लिहिला, ‘या वर्षी आम्ही अर्थपूर्ण आणि ख्रिस्तकेंद्रित नाताळ साजरा करण्याचं ठरवलं आहे.’ मी विचारलं, हे वाचून काकांना काय वाटेल? आपला नाताळ निरर्थक होता, असंच ना? खर्च झेपत नाही हे झाकायला भक्तीची शाल पांघरणं मला पटत नव्हतं. मसुदा बदलायला बाबांनी आठ दिवस घेतले, कारण ‘कर्ज’ हा शब्द त्यांच्या लेखणीतून उतरेना. शेवटी जे ठरलं ते असं: “मागचा नाताळ आम्ही कर्ज काढून केला आणि जूनपर्यंत फेडत होतो. यंदा मोठ्यांनी एकमेकांना भेटी द्यायला नकोत, मुलांना एकेक द्या. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सगळे भेटू, ज्याने त्याने एक पदार्थ आणायचा.”

आत्याला बाबांनी स्वतः फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, “अरे, आमचेही हप्ते चालूच आहेत.” दोन्ही घरं तीन वर्षं एकमेकांना महागड्या भेटी देत होती, आणि दोन्ही घरं त्यासाठी कर्ज काढत होती.

काकांना फोन करायचं बाबांच्याने झालं नाही. त्यांनी निरोप पाठवला, तोही ऑक्टोबरच्या शेवटी. काकांचं उत्तर आलं, ‘ठीक आहे दादा.’ काकूंचं काहीच आलं नाही. त्यांनी सप्टेंबरमध्येच सगळ्यांसाठी खरेदी करून ठेवली होती, हे नंतर कळलं.

आगमनकाळाचे चार रविवार

खर्च काढून घेतला की दिवस मोकळे पडतात, आणि मोकळ्या दिवसांत पुन्हा खरेदीच शिरते. म्हणून आजीने रविवार संध्याकाळ धरली. आगमनकाळ ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी सुरू होतो, त्यामुळे तो वर्षागणिक २२ ते २८ दिवसांचा असतो. चार मेणबत्त्यांचं चक्र करायचं ठरलं. या चक्राची गोष्ट मी मुलांना सांगितली. योहान हिन्रिख विखर्न नावाचे पाळक हॅम्बुर्गमध्ये गरीब मुलांसाठी आश्रम चालवायचे. नाताळ कधी येणार म्हणून मुलं रोज विचारायची. १८३९ मध्ये त्यांनी जुन्या गाडीच्या चाकावर वीस लहान तांबड्या आणि चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटवायची, रविवारी मोठी. म्हणजे ती वस्तू मुळात गरिबांच्या घरची, सजावटीच्या दुकानातली नव्हे. या घरी ताटात घरातल्याच चार मेणबत्त्या ठेवल्या.

पहिला रविवार फसला. बाबांनी उपदेश केला, मुलगा मेणाशी खेळत बसला, मुलगी मोबाईलकडे बघत होती, आणि आजीला रागाने ठसका लागला. दुसऱ्या रविवारी आईने दोन गोष्टी बदलल्या. वाचन मुलीकडे दिलं, आणि वेळ वीस मिनिटांवर आणली. तिसऱ्या रविवारी मुलीने स्वतःहून एक प्रश्न काढला: गव्हाणीच्या देखाव्यात बैल आणि गाढव असतात, पण लूकमध्ये ते कुठे आहेत? नाहीतच. गव्हाणी ओळखणारे बैल आणि गाढव जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात आहेत, आणि तिथून ते देखाव्यात आले. संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावी गव्हाणी मांडली तेव्हा खरा बैल आणि खरं गाढव आणवलं होतं. मुलीने पुठ्ठ्याचे दोन्ही प्राणी केले. गाढव कुत्र्यासारखं दिसत होतं.

मुलाला वेगळंच काम मिळालं. मत्तयच्या शुभवर्तमानात मागी लोक, म्हणजे ताऱ्याच्या मागाने पूर्वेकडून आलेले ज्ञानी, बाळाला भेटतात ते गोठ्यात नव्हे, घरात. आणि ते तीन होते असंही तिथे लिहिलेलं नाही, दानं तेवढी तीन आहेत. आजीने त्याला सांगितलं, मागी अजून वाटेत आहेत. त्याने स्वतःची खेळण्यातली माणसं घेतली आणि स्वयंपाकघराच्या टोकापासून रोज थोडी पुढे सरकवायला लागला. एका सकाळी ती बाबांच्या बुटात सापडली. मागींनी मुक्काम केला आहे, असं स्पष्टीकरण मिळालं.

गव्हाणी २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवली होती. उपासनेवरून आल्यावर आजीने बाळ ठेवलं. त्या घराला याआधी त्या रात्री बारा वाजता वेष्टनं बांधायचं काम असे.

जिथे ठरलेलं मोडलं

२२ डिसेंबरला आईला कळलं की काकूंनी आणलेल्या भेटी त्या देणारच आहेत. तिने दुपारी कोणाला न सांगता बाजारात जाऊन काकूंसाठी एक वस्तू घेतली. चारची भर. भेटवस्तूंसाठी ठरवलेले एकूण ५ होते, त्याच्या जवळपास तितकीच ही एक वस्तू. संध्याकाळी तिने बाबांना सांगितलं, आणि बाबांना राग येण्याऐवजी सुटल्यासारखं वाटलं, हे त्यांनी मला नंतर कबूल केलं. त्यांच्याच मनातलं तिने केलं होतं. म्हणून मी याला आईचा तोल गेला असं म्हणणार नाही. आत्याशी बोलणं झालं होतं, तिथे एकही वस्तू गेली नाही. काकूंशी बोलणं झालं नव्हतं, तिथेच गेली.

जेवणातही २ ची भर पडली, पण त्याबद्दल कोणालाच पश्चात्ताप नाही. मंडळीतले एकटे राहणारे एक वृद्ध आणि घरापासून लांब शिकणारी एक विद्यार्थिनी यांना २५ ला जेवायला बोलावलं होतं. विद्यार्थिनीने विचारून तिच्यासारख्या आणखी तिघी आणल्या.

मुलाचं २५ तारखेचं रडणं मात्र लपवण्यासारखं नाही. त्याला एक भेट मिळाली, हवी होती तीच. दुपारी मित्राच्या घरून आला तो मित्राच्या भेटी मोजूनच, आणि दारातच फुगून बसला. आजीने येशूची गरिबी सांगायला सुरुवात केली, तेव्हा आईने तिला थांबवलं आणि त्याला रडू दिलं. मला आईचं पटलं. आठ वर्षांच्या मुलाच्या वाईट वाटण्यावर शास्त्रवचन ठेवलं, तर ते वचन त्याला पुढे कायम त्या दुपारसारखं लागत राहतं.

वेळेच्या चिठ्ठ्यांचा प्रयोगही लंगडा ठरला. भेटीसोबत बाबांनी मुलांना ‘रविवारी सायकल शिकवीन’, ‘एक दिवस तू म्हणशील तिथे’ अशा चिठ्ठ्या दिल्या. सायकलची चिठ्ठी मार्चमध्ये वटली. वस्तू देण्यापेक्षा वेळ देणं स्वस्त असतं, असं समजणाऱ्याने आपला आठवडा आधी पाहावा.

परिणाम

एकूण खर्च ३१ झाला. भेटी ९, कपडे ४ (फक्त वाढत्या मुलांचे), जेवण ८, सजावट १, प्रवास ३, अर्पण ५, किरकोळ १. ठरलेल्या २५ पेक्षा ६ जास्त. ते जानेवारीच्या पगारातून भरले. कार्ड बाहेर निघालं नाही. एकूण खर्च शंभरावरून एकतीसवर आला आणि अर्पण तीनावरून पाचावर गेलं. मी अर्पणाची नोंद करतो, पण कोणी किती दिलं हे मी कधी बोलत नाही. हा आकडा त्यांनीच इथे लिहायला सांगितला.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी आत्याच्या घरी सगळे जमले. सगळे म्हणजे काकांचं घर सोडून. काकांनी काम आहे म्हणून कळवलं. बाबा त्या दिवशी फारसे जेवले नाहीत. मुलाने मागी सोबत नेले होते आणि आत्याच्या टेबलावर बाळाशेजारी पोचवले.

मुलीत झालेला बदल मला सर्वांत मोठा वाटतो. डब्यात किती आहे हे तिला नोव्हेंबरपासून माहीत होतं. तिने वहीत त्याची नोंद ठेवली. वर्षभर तिला वाटत होतं की घरात काहीतरी भयंकर चाललं आहे. आकडा कळल्यावर ते भयंकर राहिलं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

माझ्याकडून दोन गोष्टी उशिरा झाल्या. आनंद, परतफेड, लाज हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता. दुसरी, ‘मुलांना यात ओढू नका’ असा सल्ला मी सुरुवातीला दिला होता. तो चुकीचा होता. चौदा वर्षांच्या मुलीला सगळं कळतच होतं. कळत नव्हता तो फक्त आकडा.

त्यांच्याकडून उशीर झाला तो काकूंच्या बाबतीत. ऑक्टोबरच्या शेवटी ‘भेटी नकोत’ म्हणणं हे ज्याने आधीच खरेदी केली आहे त्याला नाकारल्यासारखं वाटतं. ते बोलायला हवं होतं जूनमध्ये, हप्ता संपला त्या आठवड्यात, आणि निरोपाने नव्हे, तोंडाने. बाबांना भावाला फोन करणं जमणार नव्हतं तर आईने काकूंना करायला हवा होता. मीही त्यांना तसं सुचवलं नाही, कारण आत्याच्या फोनने मी खूश होऊन बसलो होतो.

डबा सप्टेंबरमध्ये उघडणं हाही उशीरच. फेब्रुवारीपासून सुरू केला तर ३१ चा नाताळ दहा महिन्यांत मिळकतीच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी रकमेत बसतो. त्यांनी तो फेब्रुवारीत पुन्हा उघडला आहे. हिशेबाची वही आता मुलीकडे असते.

जूनच्या सुरुवातीला आईने काकूंना फोन केला. बाकीचं बरंच बोलून झाल्यावर काकूंनीच विचारलं, “वहिनी, यंदाही तसंच करणार आहात का? म्हणजे मी आत्ताच काही घेणार नाही.” आई हो म्हणाली. काकूंच्या आवाजात राग होता की सुटका, हे तिला अजून ठरवता आलेलं नाही.